ध्वनिवर्धक आणि विजेची तार

मुरूड तालुक्यातील काशीद गावी सुरूच्या बनातून वाहणारा खारा वारा सुखद खरा. पण तो धातू खातो. घरात नवा ध्वनिवर्धक आला म्हणजे सारी मंडळी गाणे ऐकण्यात रंगून जातात. भिंतीतील सॉकेटकडे कोण पाहणार? तेथील पितळी पट्ट्यांवर हिरवट पुटे चढली, की जोड सैल पडतो, रोध वाढतो आणि त्याच जागी उष्णता साचते. प्लग हाताला गरम लागला, तर यंत्र तत्काळ बंद करावे.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असते. ४६० वॉट घेणारे यंत्र सुमारे २ अँपिअर प्रवाह ओढते. त्यास ६ अँपिअरची, मानकचिन्ह असलेली तार पुरते. महाग तारेने स्वर गोड होतो, हे विक्रेत्याचे बोलणे मनावर घेऊ नये.

प्लगची तिसरी पिन लांब असते, ती उगीच नव्हे. ती आधी जोडली जाते व शेवटी सुटते. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर या पिनेतून ती जमिनीत जाते आणि वितळतार तुटते. ध्वनिवर्धकाची घरघर थांबावी म्हणून काही जण हीच पिन काढून टाकतात. घरघर थांबतेही! परंतु पुढे कोणी ओल्या हाताने त्या पत्र्यास स्पर्श केला, तर वीज त्याच्या देहातून वाट काढते.