मक्यावरच्या पांढऱ्या अळ्या

प्रश्न : आमच्या परसात मक्याची काही ताटे आहेत. भाद्रपदातल्या पावसानंतर पानांवर पांढऱ्या, ताठ झालेल्या मेलेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. काहींवर हिरवट भुकटी आहे. बुरशीनाशक फवारू का? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : कृपा करून फवारू नका. वर्णनावरून ही मेटारायझियम रिलेई बुरशी दिसते. जुने नाव नोमुरिया. ती मक्याला काहीच करत नाही, अळीला मारते. 2018मध्ये भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीवरही ती आपोआप वाढते.

बुरशीचा बीजाणू अळीच्या अंगावर पडतो, ओलावा मिळाला की रुजतो आणि कातडी भेदून आत शिरतो. अळीला तो खावा लागत नाही. काही दिवसांत ती मरते, आधी पांढरी पडते, मग तिच्यावर फिकट हिरवे बीजाणू येतात. ती भुकटी म्हणजे पुढच्या अळ्यांसाठीचे बियाणेच. म्हणून मेलेल्या अळ्या वेचून टाकू नका. बुरशीनाशकाने नेमकी हीच मदत बंद पडेल.

नगरच्या कोरड्या हवेत ही बुरशी एरवी फारशी दिसत नाही. दमट, ढगाळ दिवस तिला मानवतात. ऊन तापले की जोर ओसरतो. तेव्हा पोंगे तपासा, जिवंत अळ्या हाताने वेचा.

परसात जास्वंद असेल, तर तिच्यावरचा पांढरा कापूस मात्र वेगळा. तो बहुधा जिवंत पिठ्या ढेकूण असतो. काडीने चिरडून पाहा, रस निघाला तर कीड जिवंत आहे. त्यावर व्हर्टिसिलियम लेकॅनी या बुरशीची भुकटी लिटरला 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात जैविक कीडनाशकांची चौकशी करता येईल.