उधारीची वही

तुमच्या टीमने पहिल्या भागातले सगळे निर्णय सीक्वेलमध्ये आणायचं ठरवलंय, असं परवा फोनवर मोठ्या उत्साहाने सांगत होतास. तेव्हा दादा शेजारी होता म्हणून गप्प बसले. आता सांगते: सगळे आणू नका. खेळाडूला दिलेला प्रत्येक पर्याय ही उधारी असते रे, आणि सीक्वेल म्हणजे दुकानदाराने वही उघडायचा दिवस. दहाच निर्णय धर, प्रत्येकाला दोनच वाटा, तरी 1024 जगं होतात. तुमच्याकडे रायटर किती? चार.

आधी वही वाचता येते का ते बघ. एका टीममध्ये मी सीक्वेलवर बसले तेव्हा जुन्या सेव्ह फाइलमध्ये काहीशे फ्लॅग, म्हणजे खेळाडूच्या निर्णयांच्या नोंदी, निघाले. त्यातल्या एकाचं नाव होतं ‘टेम्प टू फायनल’. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. तो फ्लॅग कुणाच्या मरणाचा की कशाचा, हे शोधण्यात आठवडा गेला. निघाला एका म्हातारीच्या कोंबडीचा. तेव्हापासून मी प्रत्येक फ्लॅगशेजारी दोन गोष्टी लिहायला लावते: खेळाडूने काय केलं, आणि ते करताना तो किती वेळ अडला असेल. जिथे अडला, ती उधारी आधी फेडायची. बाकीच्यांना एखादा टोमणा पुरतो. त्या म्हातारीला आम्ही पुढच्या भागात एकच वाक्य दिलं होतं, पण खेळाडू अजून तिचीच आठवण काढतात.

फेडायची कशी, ते ‘मास इफेक्ट’मध्ये बघ. 2007च्या पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर रेक्स हा तुमचा साथीदार तुमच्याच माणसांकडून मारला जाऊ शकतो. मेला, तर पुढे त्याच्या जागी त्याचा भाऊबंद रीव्ह येतो, आडदांड आणि सुडाने पेटलेला. मिशनं जवळपास तीच राहतात. पण 2012च्या तिसऱ्या भागात रेक्सच्या क्रोगन जमातीचा वंश खुंटवणाऱ्या रोगावर इलाज द्यायचा की गुपचूप दगा करायचा, हे ठरवायची वेळ येते. समोर रेक्स असला तर दग्याचं बटण दाबताना हात अडखळतो. रीव्ह असला तर तोच दगा शहाणपणाचा वाटायला लागतो. माणूस बदलला आणि जुन्याच प्रश्नाचं वजन बदललं, नवं मिशन बांधावं लागलं नाही. त्याच खेळात राक्नी जमातीच्या राणीचं मात्र फसलं. पहिल्या भागात तिला मारलं असेल, तरी तिसऱ्यात शत्रूने घडवलेली नकली राणी त्याच जागी हजर! मला तर दुकानदाराने पैसे घेऊन वहीत नोंदच केली नाही असं वाटलं.

दुसरं टोक ‘विचर 2’चं. 2011चा खेळ. रोश आणि इओर्वेथ या दोन म्होरक्यांपैकी कुणाबरोबर जायचं, यावर अख्खा दुसरा अध्याय बदलतो. एकाच युद्धाच्या दोन बाजूंच्या दोन छावण्या. एकदाच खेळणाऱ्याला त्यातली एक दिसतच नाही. मला हा उधळेपणा मनापासून आवडतो, पण तुझ्या बजेटकडे बघून सांगते, नाद सोड. खुद्द त्यांच्या 2015च्या तिसऱ्या भागात इओर्वेथ कुठेच नाही.

आणि ज्याच्याकडे जुनी सेव्ह फाइल नाही त्याच्यासमोर फॉर्म ठेवू नका. ‘विचर 3’मध्ये राजवाड्यात नायक गेराल्टची दाढी करवून घेतात आणि तेवढ्यात एक अधिकारी मागच्या घटना विचारून घेतो. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’च्या 2004च्या दुसऱ्या भागात ॲटन या सोबत्याशी गप्पा मारता मारता आधीचा नायक पुरुष होता की बाई, भला होता की वाईट, हे ठरून जातं. न्हाव्याकडे बसल्यावर गावची खबर निघते ना, तसं.

क्वेस्टबद्दल एकच सांगते. निर्णय आणि परिणाम यांत अंतर ठेव. लगेच निकाल दिसला की खेळाडू सेव्ह उघडतो आणि दुसरं बटण दाबून येतो. ‘विचर 3’च्या ब्लडी बॅरनच्या कथेत टेकडीवरच्या झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडलं तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात, पण बॅरनची बायको जाते आणि तो स्वतःला फास लावून घेतो. आत्म्याला मारलं तर ती जगते, पण वेडी होऊन, आणि मुलं जातात. हे कळतं तेव्हा मागे फिरावं तर बरंच खेळलेलं वाया जातं. पण अंतर ठेवायचं म्हणून माहिती दडवू नकोस. तो आत्मा विश्वासू नाही याचा वास तिथेच येतो. खेळाडूला फसवलेलं नसतं, त्याने पैज लावलेली असते. तुझ्या सरायवाल्या क्वेस्टमध्ये मला तो वासच आला नाही, नुसता धक्का आला.

रविवारी येताना फ्लॅगची एक्सेल आण. लाल पेन माझ्याकडे आहे.