इंद्रावतीकाठची अरण्यग्रामे : जीवन व अर्थव्यवहार

भूगोलाच्या पुस्तकात आपण ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील निबिड अरण्यांचे वर्णन वाचतो. तेथील लोक झाडाचे खोड कोरून होडी करतात, मासे धरतात, रानातील फळे वेचतात आणि नदी हाच त्यांचा राजरस्ता असतो, हे वाचून तो प्रदेश आपणांस फार परका वाटतो. परंतु असल्या जीवनाचा अभ्यास करावयास सातासमुद्रांपलीकडे जाण्याचे कारण नाही. आपल्या निफाड तालुक्यातून नांदूरमधमेश्वरावरून जी गोदावरी वाहते, तिच्याच ओघाबरोबर पूर्वेस शेकडो मैल गेले असता सिरोंचापाशी प्राणहिता तिला मिळते व त्याच्या खाली इंद्रावती येऊन मिळते. या इंद्रावतीच्या काठी, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात, माडिया गोंड लोकांची जी लहान लहान गावे आहेत, त्यांचा परिचय करून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थान व स्वरूप

इंद्रावती ओडिशात उगम पावते, बस्तरमधून वाहत येते आणि काही अंतर महाराष्ट्र व छत्तीसगड यांची सीमा होऊन राहते. भामरागडाजवळ पर्लकोटा व पामुलगौतम या दोन नद्या तिला मिळतात. हे अरण्य ॲमेझॉनसारखे सदाहरित नव्हे. उन्हाळ्यात येथील बहुतेक झाडे पाने टाकतात. ऐन, साग, मोह, तेंदू आणि बांबू ही येथील मुख्य संपत्ती. तथापि पावसाळ्यात हा प्रदेश खऱ्या पर्जन्यवनासारखाच दुर्गम होतो. नाले भरतात, पायवाटा मोडतात. पर्लकोटेचा ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊन भामरागडचा बाहेरील जगाशी संबंध तुटल्याचे प्रसंग अनेक वर्षी घडले. २०१९ च्या पावसाळ्यात तर पुराचे पाणी बाजारपेठेत शिरले होते.

नदी एरवी मात्र दूर करीत नाही, जोडते. एका लाकडाचा कोरलेला डोंगा घेऊन माणसे या काठावरून त्या काठावर जातात. नकाशावर तेथे दोन राज्यांची सीमा आहे. पण सोयरीक, सण आणि आठवडी बाजार यांनी ती कधी मानली नाही.

वर्षाचा क्रम

या लोकांची दिनदर्शिका अरण्यच ठरविते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले रात्री उमलून पहाटे गळू लागतात. तेव्हा घरातील बायकामुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. कारण उशीर झाला तर गुरे व रानातील जनावरे फुले खाऊन टाकतात. ही फुले वाळवून साठविली असता कित्येक महिने टिकतात. ती खाण्यास येतात, त्यांची दारूही गाळतात, आणि नड पडेल तेव्हा ती बाजारात विकता येतात. पुढे त्याच झाडाच्या बियांपासून तेल निघते. म्हणून मोहाचे झाड म्हणजे या घरांचे कोठारच होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचा हंगाम येतो. सत्तर पाने मोजून एक पुडा बांधावयाचा, अशी महाराष्ट्रातील रीत आहे. शंभर पुडे बांधावयाचे म्हणजे सात हजार पाने एकेक करून तोडावी व मोजावी लागतात, आणि तीही भर उन्हात! हंगाम थोड्याच दिवसांचा. परंतु पुष्कळ कुटुंबांस वर्षातील रोख पैसा मुख्यतः याच दिवसांत दिसतो.

पाऊस पडला की भात व कोसरीसारखे हलके धान्य पेरतात. पूर्वी जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत बी टाकण्याची फिरती शेती येथे चाले. तिला पेंडा म्हणत. पीक एकच, आणि ते वर्षभर पुरेलच असे नाही. उरलेली भूक कंदमुळे, रानभाज्या, मासे व लाल मुंग्यांची चटणी यांवर भागवावी लागते. नवे फळ वा नवे धान्य आले तरी पंडुम नावाचा सण केल्यावाचून ते खात नाहीत. या नियमाचा एक परिणाम असा की, कच्ची फळे वेळेपूर्वी ओरबाडली जात नाहीत.

देवघेवीचा प्रश्न

येथे अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा आहे. घर बांधण्यास बांबू व माती, ताटवाटीस पाने, जळणास लाकूड, औषधास झाडपाला, हे सर्व पैशावाचून मिळते. मग या लोकांस दरिद्री का म्हणावे? कारण मीठ, कापड, लोखंड आणि दवाखान्यातील औषध या चार वस्तू अरण्य देत नाही. आणि त्या मिळविताना ते नाडले जात. मापभर चारोळी देऊन मापभर मीठ घ्यावयाचे, असले व्यवहार आदिवासी मुलखात पूर्वी सर्रास होत. शहरात चारोळीस काय किंमत येते हे विकणारास ठाऊक नसे. वजनकाटा घेणाराच्या हाती असे. वस्तू मौल्यवान असूनही, तिचे मोल दुसऱ्याने ठरविल्यामुळे, मालक गरीबच राहिला.

शिवाय मालकीही निर्विवाद नव्हती. १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांनी राखीव केलेल्या अरण्यात गावकऱ्याचा हक्क राहिला नाही, राहिली ती केवळ सवलत. ज्या बांबूखाली तो जन्मला, तोच तोडण्यास त्याला परवाना हवा. आणि कागदाच्या गिरणीसाठी तोडला तर पदरी मजुरीच!

पालट

१९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी भामरागडाजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला, आणि १९७६ साली मुलांसाठी निवासी शाळाही निघाली. रोग्यास औषध मिळाले, ही गोष्ट मोठी खरीच. परंतु मुलास अंक व अक्षर आले आणि तो वजनकाटा वाचू लागला, हीही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा पालट कायद्याने घडविला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये, त्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू बाहेर नेण्याचे परवाने सरकारी खात्याकडेच राहिले. गावाने हा प्रश्न नेटाने लावून धरला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपाने यांचा लिलाव स्वतः करू लागल्या.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातही हाच प्रश्न उठला होता. रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांचा पुढारी चिको मेंदेस याचा १९८८ साली खून झाला. त्याची मागणी एवढीच होती की, जे अरण्यावर जगतात त्यांच्या हाती ते राखण्याचा अधिकार असावा. १९९० साली ब्राझील सरकारने तशी राखीव वने निर्माण केली व एकास त्याचेच नाव दिले. दोन खंड, दोन भाषा; प्रश्न मात्र एकच.

आपणांस बोध

विंचूर-लासलगावच्या मुलांस हा प्रश्न समजण्यास कठीण जाऊ नये. कांद्याची गाडी बाजारसमितीच्या आवारात उभी असता, लिलावात कोणता आकडा निघतो याकडे आपले वडील कसे कान लावून असतात, हे आपण पाहिले आहे. वर्षाचे श्रम आपले आणि शेवटचा शब्द दुसऱ्याचा, हे दुःख आपणांस नवीन नाही. तरी आपल्याजवळ सातबारा आहे, रस्ता आहे, आणि भाव पडला तर आवाज उठविण्यास शेजारीपाजारी आहेत. इंद्रावतीकाठच्या मनुष्यास ही साधने फार उशिरा मिळू लागली, आणि अजून सर्वांस ती मिळालेली नाहीत. तेव्हा त्यास रानटी वा अडाणी म्हणण्यापूर्वी, सत्तर पानांचा एक पुडा मनातल्या मनात बांधून पाहावा. आपल्या काठावरून गेलेले पाणी त्याच्या नदीस मिळते; निदान एवढ्या नात्याने तरी त्याची विचारपूस करणे हे आपले कर्तव्य होय.