रान पाहून पीक

मंडळी, तुम्ही शेतकरी आणि मी मास्तर. नांगर कसा धरावा, पाभर कशी चालवावी, हे मी तुम्हाला सांगू लागलो तर तुम्ही हसाल, आणि ते बरोबरच होईल. म्हणून या धड्यात ते नाही. जे काम तुम्ही हातांनी करता, ते तसे का करायचे, एवढेच यात आहे. कारण कळले की नवे पीक घेताना माणूस फसत नाही.

पिकाला काय काय लागते? माती लागते, पाणी लागते, ऊन लागते, अन्न लागते. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे हवा. पानांना हवा लागते तशी मुळांनाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असली की मूळ सुखात असते. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरते. ओल आणि हवा यांचा असा मेळ बसला, की त्याला आपण वापसा म्हणतो. मूठभर माती घ्या आणि दाबून गोळा करा. तो खाली सोडा. गोळा फुटून मोकळा झाला तर वापसा आला. लोण्यासारखा चिकटून राहिला तर अजून थांबा. तो वळलाच नाही तर ओल गेली.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, मग भाताचे काय? भात तर पाण्यात उभा असतो. बरोबर विचारलेत. भाताच्या खोडात आणि मुळांत पोकळ नळ्या असतात. पानांतली हवा त्या नळ्यांतून खाली मुळापर्यंत जाते. म्हणून भात गुदमरत नाही. ज्वारीला अशी सोय नाही. आठ दिवस पाण्यात उभी राहिली की ती पिवळी पडते.

म्हणून भात तिथे, जिथे पाऊस फार. कोकणात वर्षाला १०० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. मावळात भात होतो, भंडारा आणि गोंदियाकडेही होतो. बांध घालून खाचर करायचे, रोप टाकायचे, तीनचार आठवड्यांनी ते उपटून चिखलात लावायचे. लावणीच्या बाया दिवसभर वाकून काम करतात. तो भात खाणाऱ्याला त्याची कल्पना नसते.

घाट उतरून पूर्वेला आले की चित्र पालटते. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पुढच्या मुलखाला उरलेसुरले मिळते. पुरंदर, बारामती, माण, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात वर्षाचा पाऊस वीस-बावीस इंच, कधी त्याहून कमी. इथली शेती जिरायत, म्हणजे आभाळावरची.

जिरायतीत हलके रान आणि भारी रान यांत मोठा फरक आहे. हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा घ्यावा. बाजरीला पाऊस कमी चालतो. पण ती फुलोऱ्यात असताना झड लागली तर पराग धुऊन जातो आणि कणीस पोचट राहते. भुईमुगालाही भुसभुशीत रानच हवे, कारण त्याच्या आऱ्या जमिनीत घुसल्या तरच शेंगा धरतात. कापसाचे मूळ खोल जाते, म्हणून त्याला काळे रान आवडते. मात्र बोंडे फुटताना त्याला ऊन पाहिजे. बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक, असे पेरले तर बाजरी निघाल्यावर तूर एकटी वाढते. तिचे मूळ खालची ओल घेते. शिवाय तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरून जमिनीला देतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे म्हातारी माणसे सांगत, त्याचे कारणही तेच.

या सगळ्यांत मला नवल वाटते ते रब्बी ज्वारीचे. बघा तर खरे. पावसाळा संपत येतो तेव्हा ती पेरायची. त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच. विहीर नाही, पाट नाही, तरी माघ-फाल्गुनात कणसे हातात येतात. पाणी आले कुठून?

ते जमिनीत साठवलेले होते. खोल काळी माती म्हणजे एक तळेच आहे, फक्त ते दिसत नाही. पण ते भरावे लागते. पावसाळ्यात रान मोकळे ठेवून कुळवायचे, उताराला आडवे बांध घालायचे, छोटे वाफे पाडायचे. म्हणजे पाणी पळत नाही, जागीच मुरते. मग १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात, ओल पाहून पेरणी करायची. फार लवकर पेरली तर खोडमाशी पोंगा खाते. फार उशीर केला तर वरची ओल उडून जाते.

पुढचे काम कोळपणीचे. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपे फिरवावे. तण तर मरतेच, पण खरा लाभ वेगळा आहे. काळ्या रानाला भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल वर उडते. कोळप्याने भेगा बुजतात. तळ्याला झाकण बसते म्हणा ना.

सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले ते अशाच गोष्टी तपासून पाहण्यासाठी. माळदांडी ज्वारीचे निवडक वाण मोहोळच्या केंद्रातले. ते अजूनही पेरले जाते, कारण भाकरी चांगली आणि कडबाही चांगला. पण माळदांडीलाही खोल रान हवे. हातभर मातीखाली मुरूम लागत असेल तर तिथे हे तळे उथळ. फुलोऱ्यापर्यंतच ते आटते.

रात्रीच्या वर्गात एका वहिनींनी विचारले, "गुरुजी, पाणी कमी असलं तर खताची एक गोणी जादा टाकावी का?" नाही. मूळ खत चावून खात नाही, पाण्यात विरघळलेले पिते. ओल नसेल तर खत नुसते पडून राहते आणि पैसे जातात.

आता बागायत. विहिरीला, पाटाला किंवा बोअरला पाणी लागले की प्रत्येकाच्या मनात पहिला ऊस येतो. मी उसाला नावे ठेवत नाही. उसाने पुष्कळांची कर्जे फिटली, मुली कॉलेजात गेल्या. पण एक हिशेब पाटीवर मांडून पाहा.

एक एकर रानावर एक इंच पाऊस पडला, म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी पडले. सुरू उसाला मोकाट पाणी दिले तर वर्षाला सुमारे १०० इंच लागते. म्हणजे एकरी एक कोटी लिटर. ज्वारीला १५-१६ इंच पुरते. एका एकर उसाच्या पाण्यात सहा एकर ज्वारी निघते. आणि आभाळ आपल्याला देते वीस-बावीस इंच! उरलेले ७५-८० इंच कुठून आणणार? ते शेजारच्या रानाखालचे असते, किंवा पुढच्या वर्षाचे असते. तुमच्या बोअरला पाणी आले आणि पलीकडच्या विहिरीचे गेले, हे आपण पाहतोच. ठिबक बसवले तर पाणी बरेच वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर वाचले काय?

जास्त पाण्याची दुसरी खोड अशी, की जमीन चोपण होते. भारी रानात पाण्यावर पाणी दिले आणि निचरा नसला, की खालचे पाणी वर चढते. त्याबरोबर जमिनीतले क्षारही येतात. ऊन पाणी नेते आणि क्षार वरच ठेवते. मग पांढरा फुलोरा दिसतो आणि बी उगवत नाही. नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी आले, आणि पुढे त्या पट्ट्यातल्या पुष्कळ चांगल्या जमिनी अशा बिघडल्या. उपाय आहेत. चर खणून निचरा करावा, धैंचा किंवा ताग गाडावा, माती तपासून सांगितले तर जिप्समही घालावे. पण याला वर्षे लागतात. बिघडवायला तेवढी लागत नाहीत.

मग पाणी वाटायचे कसे? १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, तर घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि एका घराला अडीच एकरांहून जास्त नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि उसाला पाणी नाही. नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार १९९४ मध्ये आदर्श गाव योजनेत आले. तिथे पाऊस किती झाला ते मोजून, गाव बसून पुढचे पीक ठरवते. प्यायचे पाणी आधी, गुरांचे त्यानंतर, शेतीचे शेवटी. पाऊस तोकडा पडला तर जास्त पाण्याचे पीक कोणी लावायचे नाही. हे सोपे नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने गावासाठी हात आखडायचा, म्हणजे भांडण ठरलेलेच. पण ते भांडण चावडीवर बसून झाले, तर बांधावर होत नाही.

घरी दोन गोष्टी करा. आपल्या रानात तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा घ्या आणि मुरूम किती खाली लागतो ते वहीत लिहा. दुसरे असे की, सरळ बाजूंचा एक डबा अंगणात उघड्यावर ठेवा. झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. रोज सकाळी त्यातले पाणी पट्टीने मोजा, तारीख घालून लिहा आणि डबा रिकामा करा. मृगापासून स्वातीपर्यंतची बेरीज करून दिवाळीनंतरच्या वर्गाला वही घेऊन या. सर्वांचे आकडे फळ्यावर मांडू, आणि मग विहिरीवर गहू लावायचा की हरभरा, ते बोलू.