उरलेल्या गवताचा हिशेब : चराऊ जमिनीचे व्यवस्थापन आणि पशुसंगोपन

आपल्या देशात गावोगावी चराईसाठी राखीव जमीन आहे. महाराष्ट्रात तिला गायरान म्हणतात, गुजरातेत गौचर, कर्नाटकात गोमाळ, मध्य प्रदेशात चरनोई आणि राजस्थानात चारागाह. नावे निरनिराळी असली तरी आजची अवस्था बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. जनावरे अधिक, गवत अपुरे, आणि पावसाळा संपता संपता उघडी पडणारी जमीन. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंशीय आणि ११ कोटी म्हैसवर्गीय जनावरे आहेत. कायम चराऊ कुरणे म्हणून नोंदलेली जमीन मात्र सुमारे १ कोटी हेक्टर आहे. शेळ्यामेंढ्यांचा भारही याच जमिनीवर पडतो.

या परिस्थितीत 'जनावरे कमी करा' असा सल्ला देणे सोपे असते. तो अमलात आणणे अवघड, कारण गायरानावर सर्वाधिक विसंबून असतो तो भूमिहीन आणि अल्पभूधारक पशुपालक. म्हणून विस्तार कार्यकर्त्याने चर्चेचा आरंभ जनावरांच्या संख्येपासून न करता गवतापासून करावा. चरून झाल्यावर जमिनीवर किती गवत उरले पाहिजे, हा मूळ प्रश्न आहे. जनावरांची संख्या, चराईचा काळ आणि विश्रांतीचा क्रम ही तिन्ही उत्तरे त्यातूनच मिळतात.

पान खुडले की मूळ थांबते

गवत आपले अन्न पानांत तयार करते. पानांचा मोठा भाग एकदम गेला की वनस्पती शिल्लक साठ्यावर नवी पाने फुटवते आणि तेवढा काळ मुळांची वाढ थांबते. अमेरिकेच्या कृषी विभागातील शास्त्रज्ञ फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात आजही आधारभूत मानले जातात. पानांचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग काढला असता मुळांच्या वाढीत खंड पडला नाही. ५० टक्के काढल्यावर २ ते ४ टक्के मुळांची वाढ थांबली. ६० टक्क्यांना हे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले, ७० टक्क्यांना ७८ टक्क्यांवर, आणि ८० टक्के पाने काढल्यावर सर्वच मुळांची वाढ थांबली.

या आकड्यांत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हानी हळूहळू वाढत जात नाही. निम्म्याची मर्यादा ओलांडताच ती झपाट्याने वाढते. 'निम्मे चारावे, निम्मे राखावे' या नियमाचा आधार हाच आहे. मुळे उथळ झाली की गवताला पावसाचा लहानसा खंडही सोसत नाही. उघड्या जमिनीवर पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि सोबत माती नेते.

गवताच्या जातींवरून जमिनीची ओळख

पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार सांगितले आहेत. दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाचा बहुतांश भाग त्यांपैकी शेडा-मारवेल प्रकारात मोडतो. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्यात मारवेलसोबत अंजन आणि सेवण ही गवते प्रमुख आहेत.

शेडा-मारवेल पट्ट्यात अतिचराईचा क्रम साधारण ठरलेला असतो. प्रथम शेडा आणि मारवेल ही चवदार बहुवार्षिक गवते विरळ होतात. त्यांची जागा कुसळी गवत घेते. त्याची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात व कातडीत रुततात. ताण आणखी वाढला की केवळ पावसाळी, एकवर्षायू, हलकी गवते उरतात आणि शेवटी घाणेरी, तरवड यांसारखी झुडपे माजतात. कुरण सुधारण्यास किती काळ लागेल याचा अंदाज या क्रमावरून बांधता येतो. मारवेल विरळ असला तरी अद्याप टिकून असेल, तर दोन-तीन पावसाळ्यांची विश्रांती बरेच काम करते. तो नाहीसा झाला असेल तर समतल चर, बियाण्याची पेरणी आणि स्टायलोसारख्या द्विदल चाऱ्याची जोड आवश्यक ठरते.

दोन अनुभव : म्हैसूरची कावले आणि कच्छची बन्नी

कुरणांची ऋतुनिहाय विभागणी ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. म्हैसूर संस्थानात चिक्कदेवराज वडेयर यांच्या काळात (१६७२-१७०४) राज्याचा गोपालन विभाग 'बेण्णे चावडी' या नावाने आकारास आला. टिपू सुलतानाने त्यास 'अमृतमहाल' हे नाव दिले. तोफा आणि सामान ओढणाऱ्या चपळ बैलांची पैदास हे या विभागाचे मुख्य कार्य होते. त्यासाठी राखलेल्या 'कावल' नावाच्या कुरणांचे पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी असे तीन वर्ग केलेले होते. कळप ऋतूप्रमाणे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात हलत. पाणी आणि सावली असलेली कावले उन्हाळ्यासाठी राखून ठेवली जात, म्हणजेच गवत वाढीच्या काळात त्यांना आपोआप विश्रांती मिळे. १८६० मध्ये हा विभाग मोडण्यात आला आणि १८६६ मध्ये पुन्हा उभारावा लागला. चिक्कमगळूरू जिल्ह्यातील अज्जमपूर येथे आजही अमृतमहाल गोवंशाचे पैदास केंद्र आहे. कावलांचे क्षेत्र मात्र पूर्वीच्या तुलनेत फार उरलेले नाही. अमृतमहालाचा पाया असलेल्या हळ्ळीकार वंशाशी आपल्या माणदेशी खिल्लारचे नाते जोडले जाते, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

दुसरा अनुभव कच्छमधील बन्नीचा. सुमारे २,५०० चौरस किलोमीटरच्या या सपाट, खारवट गवताळ प्रदेशात मालधारी पशुपालक पावसाच्या मागोमाग कळप हलवीत असत. खाऱ्या पाण्याच्या थरावर साठणारे गोडे पाणी ते 'विरडा' नावाच्या उथळ खड्ड्यांतून मिळवीत. येथील म्हशी रात्री चरतात आणि सकाळी आपणहून वस्तीवर परततात. बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. याच प्रदेशात १९६० च्या दशकाच्या आरंभी रणाचा प्रसार रोखण्याच्या हेतूने वेडी बाभूळ लावण्यात आली. कच्छमध्ये ती 'गांडो बावळ' म्हणून ओळखली जाते. जनावरांनी तिच्या शेंगा खाल्ल्या, शेणावाटे बी सर्वदूर पसरले आणि बन्नीचा मोठा भाग झुडपांखाली गेला. शेंगांचे अतिसेवन गायींना बाधू लागले. कांकरेज गायींचे कळप घटून म्हशींचे प्रमाण वाढण्यामागे हेही एक कारण होते.

या दोन्ही अनुभवांतून मिळणारा बोध एकच आहे. कुरण टिकते ते विश्रांतीच्या क्रमावर. तो क्रम मोडणारा कोणताही उपाय, त्यामागील हेतू कितीही चांगला असला तरी, गवताला आणि पशुपालकाला दोघांनाही महागात पडतो.

चराई क्षमता कशी काढावी

१. पावसाळ्याच्या प्रारंभी कुरणात आठ-दहा ठिकाणी काटेरी फांद्यांचे लहान कुंपण करून जागा राखावी. उंच, सखल, मुरमाड आणि काळी अशा सर्व प्रकारच्या जागा त्यांत याव्यात.

२. गवत फुलोऱ्यात आल्यावर प्रत्येक ठिकाणी १ मीटर × १ मीटर चौकटीतील गवत कापून, वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलावे.

३. सरासरी वजनाला (ग्रॅम) १० ने गुणले की हेक्टरी वाळल्या गवताचे उत्पादन किलोत मिळते.

४. त्यातील निम्मेच वापरायोग्य मानावे.

५. ३५० किलो वजनाचे प्रौढ जनावर हे एक पशुएकक धरावे. वजनाच्या २.५ टक्के या प्रमाणात त्यास दररोज ८.७५ किलो शुष्क चारा लागतो. साधारण सहा-सात शेळ्या मिळून एक पशुएकक मानावा.

उदाहरणादाखल ४० हेक्टरांचे गायरान घेऊ. चौकटीतील सरासरी वजन १८० ग्रॅम आले, म्हणजे हेक्टरी १,८०० किलो. त्यातील निम्मे ९०० किलो, आणि ४० हेक्टरांचे ३६,००० किलो. ऑगस्ट ते डिसेंबर हा १५० दिवसांचा चराईचा काळ धरल्यास एका पशुएककास सुमारे १,३१३ किलो चारा लागेल. म्हणजे या गायरानाची क्षमता २७ पशुएककांची आहे. गावात ८० पशुएकक असतील आणि सर्वच पूर्णतः गायरानावर सोडले, तर वापरायोग्य चारा ५१ दिवसांत संपेल. त्यापुढे खाल्ला जाणारा प्रत्येक घास पुढील वर्षाच्या मुळांतून जाईल.

हाच हिशेब ग्रामसभेत मांडल्यास उपायही स्पष्ट होतात. प्रत्येक जनावराची निम्मी गरज घरच्या कडब्यावर व हिरव्या चाऱ्यावर भागवली, तर तेच गायरान ५४ पशुएकक पोसू शकेल. उरलेल्या २६ पशुएककांसाठी बांधावरील मारवेल, संकरित नेपियर, युरिया प्रक्रिया केलेले काड अशी तरतूद करता येईल. येथे कोणाचे जनावर विकायला लावावे लागत नाही. किती चारा कमी पडतो, हे फक्त आधी कळते.

विश्रांतीचा क्रम

कुरणाचे चार भाग करावेत. दरवर्षी एक भाग पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, पूर्ण बंद ठेवावा. अन्य तीन भागांत जनावरे आळीपाळीने फिरवावीत. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा पूर्ण विश्रांती मिळते. बंद भागातील चारा वाया जात नाही. बी गळल्यानंतर तो विळ्याने कापून नेता येतो. चराईबंदी करून कापणीची मुभा देण्याची ही रीत महाराष्ट्रात हिवरे बाजारने यशस्वी करून दाखविली आहे. कापणीचा पहिला हक्क भूमिहीन कुटुंबांना दिल्यास विश्रांतीचा भार दुर्बलांवर पडत नाही आणि नियमाला गावाचा पाठिंबाही मिळतो.

सर्वांत नाजूक काळ पहिल्या पावसानंतरचे चार ते सहा आठवडे हा असतो. या काळातील कोवळे पान मुळांच्या साठ्यावर फुटलेले असते. ते खुडले गेले तर हंगामभर गवत सावरत नाही. शिवाय त्यात पाणी अधिक आणि शुष्क अंश अल्प असल्याने जनावरांना हगवण लागते व पोटही भरत नाही. अडचण अशी की जून-जुलैमध्येच पशुपालकाची गंज संपलेली असते. म्हणून पावसाळ्यातील कुरणबंदीचा निर्णय आदल्या दिवाळीच्या सुमारास घ्यावा लागतो. प्रतिजनावर ४० दिवसांचा कडबा वेगळा रचून, झाकून ठेवावा आणि तो मृगापूर्वी काढू नये.

राखलेले गवत आणि जनावराचे आरोग्य

जमिनीवर १० ते १५ सेंटिमीटर गवत राखण्याचा लाभ जनावरालाही होतो. पोटातील कृमींच्या अळ्या प्रामुख्याने गवताच्या बुडाकडील पाच-सहा सेंटिमीटरांत असतात. खरडून चरणाऱ्या जनावरांच्या पोटात त्या अधिक जातात. गवत संपलेल्या रानात भुकेले जनावर घाणेरीकडे वळते. त्यातून यकृताला इजा होऊन कावीळ व उन्हात कातडी भाजल्यासारखी होणे ही लक्षणे दिसतात. पुढील बाबींकडेही लक्ष द्यावे.

• घटसर्प व फऱ्या यांचे लसीकरण पावसाळ्यापूर्वी आणि लाळ्या खुरकुताचे दर सहा महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करून घ्यावे. सामाईक कुरणावर येणाऱ्या सर्व कळपांचे लसीकरण एकाच वेळी व्हावे.

• प्रौढ जनावरास दररोज ३० ते ५० लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक पाणी लागते. पाणवठा दूर असल्यास चाऱ्यातून मिळालेली ऊर्जा चालण्यात खर्च होते व पाणवठ्याभोवतीची जमीन तुडवली जाते.

• मीठ व खनिजांच्या चाटण विटा पाणवठ्याजवळ न ठेवता कमी चरल्या गेलेल्या भागात ठेवाव्यात. त्यामुळे चराई सर्वत्र विखुरते.

नोंदवही

या कामास खर्चिक साधने लागत नाहीत. प्रत्येक भागासाठी एक पान पुरते. त्यावर कुरण बंद केल्याची व उघडल्याची तारीख, सोडलेली जनावरे, चराई थांबविताना उरलेल्या गवताची उंची आणि मारवेल, कुसळी व झुडपे यांचे ढोबळ प्रमाण नोंदवावे. एकाच जागेवरून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये छायाचित्र घ्यावे. तीन वर्षांची अशी नोंद असली की ग्रामसभेतील वाद मतांवरून आकड्यांवर येतो. गायरानावरील अतिक्रमण हटवून ती ग्रामस्थांच्या सामाईक उपयोगासाठी परत मिळवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी राज्यांना सांगितले आहे. गायरान वापरात आहे, त्याची निगा राखली जात आहे आणि किती कुटुंबांची जनावरे त्यावर पोसली जातात, हे दाखविणारी वही अशा वेळी गावाच्या हातातील भक्कम पुरावा ठरते. या वर्षी निदान एका गायरानावर आठ चौकटी आखून या वहीचे पहिले पान लिहावे.