खतांचे गोदाम, परवाना आणि विहिरीचे पाणी



गटात खते व औषधांचे गोदाम बांधावे अशी मागणी बरेच दिवस होत आहे. मागणी रास्त आहे. लागणीच्या दिवसांत तालुक्याला हेलपाटे घालायचे, भाडे भरायचे आणि वर "माल संपला" ऐकून परत यायचे, हे मीही पाहिले आहे. परंतु जागेसाठी ओढ्याकाठच्या पडीक तुकड्याचे नाव पुढे आले आहे, आणि "परवान्याचं काय, कागदच तो, होईल नंतर" असेही कानावर येते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मालाचा हिशेब करू. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले तर साधारण 543 किलो युरिया, म्हणजे 45 किलोच्या 12 गोणी. एकरी पाच धरा. पाचशे एकरांना अडीच हजार गोणी, म्हणजे 110 टनांच्या वर माल एका छपराखाली आला! पत्रा गळला, जमीन ओलावली, गोणी फुटली की युरिया विरघळून मातीत उतरतो. मातीत त्याचे नायट्रेट होते, आणि नायट्रेट माती धरून ठेवीत नाही. पाण्याबरोबर ते खाली जाते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे असे भारतीय मानक सांगते. जास्त झाले तर तान्ह्या मुलाच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही, मूल निळे पडते. पाणी उकळून उपयोग नाही; पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते.

हे मला नीट उमगले ते वसईत. साडू विरारला असतात, त्यांच्याकडे गेलो असता पश्चिम पट्ट्यातल्या निर्मळ, भुईगाव बाजूच्या वाड्या पाहिल्या. केळी, फुले, भाजीपाला. जमीन रेताड, पाणी हाताशी. वाडीत बावखल असते, म्हणजे गोड्या पाण्याचे उघडे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते आणि आसपासच्या विहिरींना पोचते. एकाच्या बावखलात जे पडेल ते शेजाऱ्याच्या पोहऱ्यात येणार, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही. याच पाण्याच्या उपशाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने लढा दिला होता. आपल्याकडे काळी माती आहे, पाणी खोल आहे; पण ओढा आणि गावविहीर यांचे नाते तेच आहे.

आता परवान्याकडे वळू. खत विक्रीला 1985 चा खत नियंत्रण आदेश, कीटकनाशकांना 1968 चा कायदा व 1971 चे नियम. विक्रीचा परवाना जागेवार असतो, तेव्हा कारखान्याच्या दुकानाचा परवाना गटातल्या गोदामाला चालणार नाही. कीटकनाशके वेगळ्या खोलीत किंवा कुलपाच्या कपाटात ठेवावीत, खोली पक्की, कोरडी, हवेशीर व उजेडाची असावी, असे 1971 चे नियम सांगतात. घातक रसायनांचा साठा 1989 च्या नियमांतील ठरावीक प्रमाणावर गेला, तर काम सुरू करण्याआधी किमान तीन महिने लेखी अहवाल देऊन मंजुरी घ्यावी लागते. तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचाही प्रश्न येतो. आपला साठा तेवढा होईल असे मला वाटत नाही. पण उद्या तिथेच औषधे फोडून छोट्या बाटल्यांत भरू लागलो, तर ते नुसते गोदाम राहणार नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराजवळ 1 नोव्हेंबर 1986 रोजी सँडोज कंपनीच्या शेती-रसायनांच्या गोदामाला आग लागली. बंबांनी पाणी मारले आणि तेच पाणी विष घेऊन ऱ्हाईन नदीत उतरले. नदी लाल झाली, खाली दूरवर मासे मेले. सांडलेले पाणी अडवायला पुरेसा हौद तिथे नव्हता. म्हणून आराखडा करताना मी दाराला उंच उंबरा, सिमेंटची जमीन आणि बंद खड्डा मागितला आहे. खर्च वाढतो हे कबूल.

मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका सोसायटीत हुमणीसाठी आणलेल्या फोरेटच्या पिशव्या पेंडीच्या पोत्यांना लागून ठेवल्या होत्या. एक फुटली. ती पेंड खाऊन एका सभासदाची दुभती म्हैस संध्याकाळपर्यंत गेली. त्याने भरपाई मागितली, तर "पेंड तू घरी नेल्यावर काय झालं ते आम्हाला काय माहीत" असे उत्तर मिळाले. वेगळी खोली असती, तर हा वादच उद्भवला नसता. फोरेटवर 2020 अखेर बंदी आली. पण दुसऱ्या औषधांच्या डब्यांवर लाल, पिवळा त्रिकोण आजही आहे.

माझे मत शाळेमागच्या चढावरच्या जागेला आहे. गावविहीर तिथून लांब आहे आणि उतार तिच्याकडे नाही. ट्रॅक्टरला वळसा पडतो खरा, पण दोन्ही जागांचे नकाशे गट ऑफिसात लावले आहेत; विहिरीपर्यंतचे अंतर सभेपूर्वी स्वतः पावलांनी मोजून यावे.

— ऊस विकास अधिकारी