एकच प्रवाह, शेकडो पडदे

कॉलेजच्या आवारातलं नेटवर्क सांभाळताना मागणीनुसार व्हिडिओ आणि मल्टिकास्ट यांची सांगड घालायला शिकलो. त्यातलं थोडं.

1. आधी आकडेमोड करा. परीक्षेच्या तोंडावर 300 मुलं तेच लेक्चर 4 एमबीपीएसने पाहू लागली, तर सर्व्हरवर 1200 एमबीपीएसचा भार येतो. गिगाबिटची लाइन तिथेच संपली. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर 4 एमबीपीएसच सोडतो, प्रती पुढे स्विच काढतात. स्टीव्ह डीअरिंग यांनी 1989 च्या आरएफसी 1112 मध्ये मांडलेली ही कल्पना मला आजही थोर वाटते.

2. खरी अडचण ‘मागणीनुसार’ या शब्दात आहे, कारण प्रत्येक जण आपल्या वेळेला बटण दाबतो. यावर 1998 मध्ये किएन हुआ आणि सहकाऱ्यांनी ‘पॅचिंग’ सुचवलं. सहा मिनिटं उशिरा आलेला प्रेक्षक चालू प्रवाह साठवत राहतो आणि हुकलेली सहा मिनिटंच वेगळी मागवतो.

फार लोकप्रिय व्हिडिओला मात्र चक्राकार प्रक्षेपण बरं. दोन तासांच्या चित्रपटाचे 63 सारखे तुकडे करा आणि सहा चॅनेलवर अनुक्रमे 1, 2, 4, 8, 16, 32 तुकडे सतत फिरवत ठेवा. कोणीही कधीही आलं, तरी दोन मिनिटांच्या आत चित्रपट सुरू होतो. तेच सहा चॅनेल पूर्ण चित्रपट वीस-वीस मिनिटांच्या अंतराने दाखवत असते, तर वीस मिनिटांपर्यंत ताटकळावं लागलं असतं. मोबदला प्रेक्षकाचं यंत्र देतं: सहाही चॅनेल एकदम ऐकायचे आणि जवळपास अर्धा चित्रपट साठवायचा.

3. व्हिडिओ चारेक मिनिटांनी गप्प झाला, तर सर्व्हरला दोष देऊ नका. आयजीएमपी स्नूपिंग (कोणाला मल्टिकास्ट हवं याची स्विचने ठेवलेली नोंद) चालू असून क्वेरिअर (सदस्यांना ठरावीक वेळाने विचारणारा) नसला, की साधारण 260 सेकंदांनी स्विच सदस्य विसरतो.

4. वायफायवर मल्टिकास्टला पोच नसते, वेगही सहसा किमान. ॲक्सेस पॉइंटवर त्याचं युनिकास्ट, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र प्रवाह, करा.

5. खुल्या इंटरनेटवर याची आशा धरू नका. वाटेतल्या प्रत्येक कंपनीने मल्टिकास्ट पुढे न्यायला हवं, आणि बहुतेक नेत नाहीत. म्हणून नेटफ्लिक्स आपले सर्व्हर थेट सेवादात्यांच्या दारात ठेवतं आणि प्रत्येकाला स्वतंत्र प्रवाह देतं.

तुमचं नेटवर्क तुमच्या ताब्यात असेल, तर सर्व्हरची नोंदवही उघडा आणि एकाच तासात सर्वाधिक पाहिलेले दहा व्हिडिओ काढा. मल्टिकास्ट तेवढ्यांनाच द्या. बाकीच्यांना युनिकास्ट पुरेसं आहे.